झटपट श्रीमंतीची साखळी

गणिताच्या पुस्तकात भूमिती श्रेढी नावाचे एक प्रकरण असते. पहिले पद अमुक, गुणोत्तर तमुक, तर दहावे पद कोणते, अशी उदाहरणे मुले परीक्षेपुरती सोडवितात आणि पुस्तक मिटताच विसरून जातात. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे ठेवीत गेल्यास राजाचे कोठार कसे रिकामे होते, ही गोष्टही त्यांनी ऐकलेली असते. परंतु हीच श्रेढी वेष पालटून, पैशाचे आमिष दाखवीत एखाद्या दुपारी त्यांच्या खोलीत येते, तेव्हा वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगाही तिला ओळखीत नाही. या न ओळखण्यापायी काय घडते, आणि ते विशेषेकरून वसतिगृहात राहणाऱ्या मुलांमध्ये का घडते, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावे असे मी योजिले आहे.

ज्याने काही वर्षे गृहपतीचे काम केले आहे, त्यास मुलांच्या व्यापारबुद्धीचे नवल वाटत नाही. गोट्या, पोस्टाची तिकिटे, क्रिकेटपटूंची चित्रे, घरून आलेला चिवडा, या सर्वांचा वसतिगृहात बाजार भरतो. शाईच्या बाटलीच्या बदल्यात दोन लाडू, असा सौदाही होतो. यात फारसे बिघडत नाही. एकाजवळ वस्तू असते, दुसऱ्यास ती हवी असते, आणि देणेघेणे होऊन दोघेही संतुष्ट होतात. पैशाच्या साखळीत मात्र विकावयास वस्तूच नसते. विकला जातो तो पुढच्या मुलाचा भरवसा. म्हणून या प्रकाराकडे पोरखेळ म्हणून पाहता येत नाही.

ही साखळी कशी चालते ते प्रथम नीट समजून घेऊ. १९९४ साली, डिसेंबर महिन्यात, मी एका तालुक्याच्या गावी ज्या वसतिगृहाचा गृहपती होतो, तेथे एक कागद फिरू लागला. वसतिगृहात १८० मुले होती. कागदावर एकाखाली एक अशी चार नावे होती, आणि त्यांखाली नियम लिहिले होते. ज्याच्या हाती कागद येईल त्याने सर्वांत वरच्या नावाच्या मुलास ५० रुपये द्यावे. ते नाव खोडून सर्वांत खाली आपले नाव लिहावे. आणि या नव्या यादीच्या तीन प्रती करून तीन मित्रांस द्याव्या. त्या तिघांनी तसेच करावे. असे होता होता आपले नाव सर्वांत वर जाईल, तेव्हा ८१ मुले आपणास प्रत्येकी ५० रुपये देतील, आणि ५० रुपयांचे ४,०५० रुपये होतील. शेवटी एक ताकीद होती : साखळी तोडणाऱ्याचे वाटोळे होईल.

यातील हिशेब वरवर पाहता खोटा नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. माझे नाव तळाशी असलेले कागद तिघांकडे गेले. त्यांनी प्रत्येकी तिघांस दिले, म्हणजे नऊ कागद झाले, आणि त्यांवर माझे नाव एक पायरी वर चढले. नवाचे सत्तावीस झाले, सत्तावीसाचे एक्क्याऐंशी झाले, आणि त्या ८१ कागदांवर माझे नाव सर्वांत वर आले. ८१ गुणिले ५० म्हणजे ४,०५०. गुणाकार अचूक आहे. मुलगा हा गुणाकार पुन्हा पुन्हा करून पाहतो, उत्तर दर वेळी बरोबर येते, आणि उत्तर बरोबर आले म्हणजे गोष्टही खरी, असा त्याचा समज होतो. एवढी मुले आणावयाची कोठून, हा प्रश्न मात्र त्या कागदावर कोठेही छापलेला नसतो.

तो प्रश्न सोडविण्याचा एक सोपा उपाय मी आपणांस सांगतो. घरी चिंचोके असतील तर १८० मोजून घ्या. चार चिंचोके वेगळे मांडा. ही कागदावरील पहिली चार नावे. त्यांना आपण वरून खाली अ, ब, क आणि ड म्हणू. त्याखाली तीन चिंचोक्यांची पहिली ओळ मांडा. तिच्याखाली नऊ, तिच्याखाली सत्तावीस, तिच्याखाली एक्क्याऐंशी. आता हाती किती उरले ते मोजा. छप्पन्न उरतात. आणि पाचव्या ओळीस किती हवेत? दोनशे त्रेचाळीस. चौथी ओळ मांडून होते न होते तोच वसतिगृह संपते.

आता पैशाचा हिशेब करू. पहिल्या ओळीच्या तिघांनी अ यास १५० रुपये दिले. दुसऱ्या ओळीच्या नऊ जणांनी ब यास ४५० दिले. तिसऱ्या ओळीच्या सत्तावीस जणांनी क यास १,३५० दिले, आणि चौथ्या ओळीच्या एक्क्याऐंशी जणांनी ड यास ४,०५० दिले. उरलेल्या ५६ मुलांचे २,८०० रुपये पहिल्या ओळीतील तिघांत वाटले गेले. एकूण ८,८०० रुपये फिरले. ज्यांना काहीतरी मिळाले अशी मुले सात; आणि ज्यांचे ५० रुपये गेले ते गेलेच, अशी मुले १७३. साखळीत दमडीही नव्याने निर्माण झाली नाही. १७३ मुलांच्या पेट्यांतील पैसा सात मुलांच्या पेट्यांत गेला, एवढाच तिचा उद्योग. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर आडातले पाणी म्हणजे पुढच्याने आपल्या घागरीतून आणून ओतलेले पाणी होते.

यावर एखादा चलाख मुलगा म्हणतो, “गुरुजी, वसतिगृह लहान पडले म्हणून असे झाले. गावात नेली असती तर साखळी चालली असती.” हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे, कारण मोठी माणसेही याच भरवशावर पैसे भरतात. तर पाहू या. तिनाच्या या श्रेढीत दहाव्या ओळीस ५९,०४९ माणसे लागतात; एवढ्यात एखादे तालुक्याचे गाव आटोपते. सतराव्या ओळीस १२ कोटी ९१ लाख माणसे लागतात, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे सबंध महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या आसपास होती. एकविसाव्या ओळीस १,०४६ कोटी माणसे हवीत. पृथ्वीच्या पाठीवर आज आठशे कोटींहून थोडी अधिक माणसे आहेत, आणि त्यांत तान्ही मुलेही आली. म्हणजे साखळीने सारे जग पालथे घातले तरी तिला एकविसाव्या ओळीपलीकडे जाता येत नाही.

परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. समजा, साखळी दहाव्या ओळीशी थांबली, किंवा पंधराव्या ओळीशी थांबली. ज्याच्याखाली चार ओळी पुऱ्या भरल्या त्यालाच त्याचे ४,०५० रुपये मिळतात. शेवटच्या चार ओळींतल्या एकालाही काही मिळत नाही. आणि प्रत्येक ओळ आपल्या वरच्या ओळीच्या तिप्पट असल्यामुळे शेवटच्या चार ओळींत साखळीतील बहुतेक सारी माणसे बसतात. हिशेब केला तर असे निघते की, सुमारे ८१ माणसांमागे एकाचे भले होते आणि ८० जणांचे पैसे बुडतात. साखळी लहान असो की मोठी, आज तुटो की वर्षाने तुटो, हे प्रमाण बदलत नाही. ती लवकर तुटली म्हणून लोक बुडाले, असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच खरे नाही. ती जितकी लांब चालते तितके बुडणारे वाढतात.

खरे म्हणजे कागदावरील वचनातच ही गोष्ट उघड सांगितलेली असते. ४,०५० रुपये मिळतील, असे जे लिहिले आहे, त्याचा अर्थ एवढाच की, ८१ मुले प्रत्येकी ५० रुपये देतील. त्या ८१ जणांनाही हेच वचन दिलेले असते, आणि ते पुरे करण्यास प्रत्येकामागे आणखी ८१ जण हवे असतात. मुलगा कागदावर ४,०५० हा आकडा पाहतो. त्या आकड्यात आपल्या खोलीतली, पंगतीतली, कवायतीच्या रांगेतली ८१ मुले उभी आहेत, हे त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. ते आणून देणे हे शिक्षकाचे आणि आईबापांचे काम आहे. आज मला जे सांगावयाचे आहे त्याचे सार हेच.

हा कागद आमच्या गावच्या कोणा मुलाच्या डोक्यातून निघाला नव्हता. त्याचे पूर्वज फार लांबचे आहेत. अमेरिकेत १९२९ नंतर मोठी मंदी आली. लक्षावधी लोक बेकार झाले. अशा काळात, १९३५ च्या वसंत ऋतूत, डेन्व्हर शहरात एक पत्र फिरू लागले. त्याच्या माथ्यावर समृद्धी मंडळ अशा अर्थाचे शब्द आणि देवावर विश्वास असल्याचे वचन होते. खाली सहा नावे होती. वरच्या नावास एक डाइम, म्हणजे डॉलरचा दहावा भाग, पाठवावा. ते नाव खोडून खाली आपले नाव लिहावे. आणि पाच मित्रांस प्रती पाठवाव्या, असा नियम होता. पाचाचा सहावा घात १५,६२५. तितक्या डाइमांचे १,५६२ डॉलर आणि ५० सेंट होतात. मंदीत पिचलेल्या माणसास ही रक्कम म्हणजे घबाडच. पत्रांचा असा पूर लोटला की डेन्व्हरच्या टपाल कचेरीस तो आवरेना. हा प्रकार बेकायदेशीर आहे, असे टपाल खात्याने जाहीर केले. तरीही तो शहराशहरांतून पसरला. मे महिन्यात मिझुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे तर अशा पत्रांच्या खरेदीविक्रीची दुकाने निघाली, लोकांची झुंबड उडाली, आणि काही दिवसांतच सारा बाजार ओसरला. उरले ते हाती कागद घेऊन उभे राहिलेले लोक. पाचाच्या त्या श्रेढीत शेवटच्या ओळी आमच्या चिंचोक्यांहूनही लवकर फुगतात, हे आपण घरी ताडून पाहू शकता.

मग विचारी माणसेही अशा योजनेत का शिरतात? याचे कारण असे की, सुरुवातीच्या माणसांना पैसे खरोखर मिळतात. बॉस्टन शहरातील चार्ल्स पॉन्झी याचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. परदेशी टपालाच्या उत्तर-कूपनांच्या व्यापारात नफा होतो असे सांगून त्याने १९२० साली ४५ दिवसांत दीडपट रक्कम परत देण्याचा सपाटा लावला. कूपनांचा व्यापार नावापुरताच होता. आधीच्यांना तो जे देई ते नंतरच्यांनी ठेवलेल्या पैशांतून देई. पण ज्याला शंभराचे दीडशे मिळाले तो काही खोटे बोलत नव्हता. त्याने नोटा हातांत मोजून घेतल्या होत्या, आणि त्या शेजाऱ्याला दाखविल्या होत्या. ऑगस्ट १९२० मध्ये पॉन्झीस अटक झाली व पुढे शिक्षाही झाली. परंतु तोवर हजारो कुटुंबांची पुंजी त्याच्या पेढीत अडकली होती. फसविणाऱ्याच्या शंभर बोलण्यांपेक्षा, ज्याला खरोखर पैसे मिळाले त्याचा आनंदी चेहरा अधिक लोकांना खड्ड्यात नेतो.

वसतिगृहात हा चेहरा चोवीस तास डोळ्यांसमोर असतो. शहरात शेजाऱ्यास पैसे मिळाल्याची नुसती वार्ता कानी येते. येथे ज्यास १,३५० रुपये मिळाले तो मुलगा संध्याकाळी आपल्याच पंगतीत नव्या बुटांनिशी जेवावयास बसतो. तशात घरापासून दूर असलेल्या मुलास मित्रांवाचून दुसरा आधार नसतो. शेजारच्या खाटेवरील मुलाने कागद पुढे केला तर नाही म्हणणे त्याला जड जाते. वरच्या इयत्तेतील मुलाने पुढे केला तर त्याहूनही जड. आणि नाही म्हणण्यासाठी ज्यांचा सल्ला घ्यावा ती आई, तो बाप, ती आजी पन्नास मैलांवर असतात. चार भिंतींच्या आत एखादी कल्पना शिरली की तिला बाहेरचा वारा लागत नाही. ती आतल्या आत घुमत राहते आणि मोठी होत जाते.

आमच्या येथील कागद बारा दिवस फिरला. तो आणला होता दहावीतील चौघांनी, आणि पहिली चार नावे त्यांचीच होती. एकाच्या शहरातील चुलतभावाने तो दिला होता. मुले दुष्ट नव्हती. आपण वसतिगृहावर उपकार करीत आहो, अशीच त्यांची समजूत होती. पहिल्या तीन ओळी भरल्या, चौथीत ३१ मुले आली आणि साखळी अडखळली. एकंदर ७० मुलांनी ३,५०० रुपये भरले, आणि ते सगळेच्या सगळे त्या चौघांच्या हाती गेले. बाकीच्या कोणालाही एक पैसा मिळाला नव्हता. तीन मित्र मिळविण्यासाठी मग धडपड सुरू झाली. आपले ५० रुपये परत यावे म्हणून दुसऱ्याचे ५० घालवावयाचे, यातून पाचवी-सहावीच्या पोरांवर सक्ती होऊ लागली. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

त्याच सुमारास रात्रीची फेरी घालताना आठवीतील एक मुलगा दोन सदरे एकावर एक चढवून, गुडघे पोटाशी घेऊन निजलेला मला दिसला. डिसेंबरची थंडी होती आणि अंगावर पांघरूण नव्हते. विचारता प्रथम म्हणाला, चादर धुवावयास टाकली आहे. दुसऱ्या रात्रीही तेच उत्तर आले. तिसऱ्या दिवशी कळले की, आईने दिलेली सोलापुरी चादर त्याने नववीतील एका मुलास ४० रुपयांस विकली होती, आणि जवळचे दहा घालून साखळीचे पैसे भरले होते. हा मुलगा उधळ्या नव्हता. तो म्हणाला, “गुरुजी, सहलीचे पैसे आबांकडे मागायचे नव्हते. यंदा पाऊस नव्हता आमच्याकडे.” झटपट श्रीमंतीचा मोह म्हणजे निव्वळ लोभ, असे आपण धरून चालतो, पण अनेक मुलांच्या मनात त्यामागे बापाचा भार हलका करण्याची इच्छा असते. तेथेच ती चटकन फसतात.

त्या मुलाने एक कागद आपल्याच गावच्या, शेजारच्या खाटेवरील मित्राला दिला होता. मित्राने घरून वह्यांसाठी आलेले पैसे त्यात घातले. साखळी तुटल्यावर दोघांचे बोलणे बंद झाले. पैसे घेतले होते दहावीतल्या मुलाने, आणि राग होता तो ज्याने कागद हाती दिला त्याच्यावर. अशा योजनांत हे नेहमी होते. ज्याने मूळ योजना काढली तो कोठेतरी दूर असतो. तोंड चुकवावे लागते ते मेहुण्याला, शेजाऱ्याला, कचेरीतल्या सोबत्याला. साखळी माणसाच्या ओळखीपाळखीवर चालते, आणि तुटताना त्या ओळखीच खर्ची पडतात. पन्नास रुपये पुढे केव्हातरी भरून येतात. लहानपणचे मैत्र तसे भरून येईल, असे सांगता येत नाही.

आम्ही काय केले तेही थोडक्यात सांगतो. चौकशी, छड्या, घरी पत्रे, हा मार्ग घेतला नाही; कारण शिक्षेच्या भयाने मुले आणखी दडवतात. रविवारी प्रार्थनेच्या खोलीत सर्वांना बसविले, आणि स्वयंपाकघरातून चिंचोके मागवून मघा आपणांस सांगितलेल्या ओळी जमिनीवर मांडावयास लावल्या. मांडणारा मुलगा दहावीत गणितात पहिला होता आणि साखळीतील चौघांपैकी एक होता. एक्क्याऐंशीची ओळ मांडून झाल्यावर तो उरलेले चिंचोके हातात घेऊन थांबला. पुढचे कोणी त्याला सांगावे लागले नाही. त्या चौघांजवळ २,९०० रुपये शिल्लक होते, ते त्याच दुपारी यादी करून परत वाटले. उरलेले ६०० रुपये बूट, चेंडू आणि बॅट यांत गेले होते. ते त्यांनी दोन महिन्यांत हातखर्चातून फेडले. चादर परत आली. दोघा मित्रांस बोलते व्हावयास मात्र उन्हाळ्याची सुटी यावी लागली.

येथे कोणा गृहिणीच्या मनात शंका येईल की, मग आमची भिशी तरी काय निराळी? ती पूर्णपणे निराळी आहे. दहा जणींची भिशी घ्या. प्रत्येकीने दरमहा ५०० रुपये घालावयाचे आणि चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्याचे ५,००० रुपये उचलावयाचे. दहा महिने झाले की प्रत्येकीने ५,००० घातलेले असतात आणि प्रत्येकीस ५,००० मिळालेले असतात. अकरावी बाई आणावी लागत नाही. कोणास पैसे आधी मिळतात, कोणास मागाहून, इतकाच फरक. एखादीने मध्येच अंग काढले तर भिशीही अडचणीत येते हे खरे, पण तिचा हिशेब मुळात जुळणारा आहे. साखळीचा हिशेब जुळावयास नित्य नवा माणूस लागतो. दोहोंतील भेद ओळखण्याची हीच खूण आहे : जुन्यांना देण्यासाठी नवे सभासद आणणे भाग असेल, तर ती भिशी नव्हे.

वसतिगृहात जे घडले ते एका सबंध देशात घडल्याचे उदाहरणही आपल्या काळातील आहे. युरोपातील आल्बेनिया हा सुमारे तीस लाख वस्तीचा देश. १९९६ साली तेथे भरमसाट व्याजाच्या अनेक पेढ्या चालत होत्या, आणि नवीन ठेवींतून जुन्यांचे व्याज देणे हाच त्यांतील बहुतेकींचा व्यवहार होता. लोकसंख्येच्या सुमारे दोनतृतीयांश लोकांनी त्यांत पैसे गुंतविले. कोणी घर विकले, कोणी गुरे विकली. जानेवारी १९९७ मध्ये पेढ्या कोसळू लागल्या. लोक रस्त्यावर आले, शस्त्रागारे लुटली गेली, सरकार कोसळले, आणि त्या बंडाळीत सुमारे २,००० माणसे प्राणास मुकली. चादर विकणारा तो आठवीतला मुलगा आणि गुरे विकणारा तेथील शेतकरी, या दोघांनी एकच उदाहरण चुकीचे सोडविले होते.

आपल्या देशात याविरुद्ध कायदा आहे. बक्षीस-चिठ्ठ्या व पैसा फिरविण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९७८ साली झाला. झटपट किंवा सहज पैसा मिळविण्याची, सभासदांच्या भरतीवर मोबदला ठरणारी योजना चालविणाऱ्यास त्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. घरोघर थेट माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ साली जे नियम झाले, त्यांतही सभासदांच्या उतरंडीवर चालणाऱ्या योजनांस मनाई केलेली आहे. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध तक्रार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ साली ‘सचेत’ नावाचे संकेतस्थळ उघडले, आणि मोबाइलवरून फसवणूक होऊन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करण्याची सोय आहे. वेळ दवडू नये. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच तो अडविता येण्याचा संभव असतो.

परंतु कायदा बहुधा पैसे गेल्यानंतर येतो. आणि साखळीने आता कागद सोडला आहे. ती मोबाइलवर येते. कधी साबणाच्या वा औषधी पेयाच्या विक्रीचे सोंग घेते, कधी नव्या नाण्याचे, कधी घरबसल्या कामाचे. पूर्वी तीन प्रती हाताने लिहाव्या लागत; तेवढ्या वेळात मुलाच्या मनात शंका येण्यास अवसर तरी मिळे. आता बोटाच्या एका दाबाने शंभर जणांस निरोप जातो. बारा दिवसांचे काम एका रात्रीत उरकते. सोंग कोणतेही असो, माल विकून मिळणारे पैसे थोडे आणि माणूस आणून मिळणारे पैसे पुष्कळ, असे दिसले की आत जुनीच श्रेढी बसली आहे, असे खुशाल समजावे.

तेव्हा, ज्यांची मुले वसतिगृहात आहेत अशा आईबापांस माझी विनंती आहे. मुलाने असा काही प्रस्ताव पत्रातून वा फोनवरून सांगितला, तर एकदम संतापू नका. त्याने तुम्हांस सांगितले हेच मोठे आहे. त्याला तीन गोष्टी विचारा. हा पैसा नेमका कोणाच्या खिशातून येणार? मला मिळावा म्हणून माझ्यामागून किती जण यावे लागतील? आणि ते आले नाहीत तर मी ज्याला आत आणले त्याला काय सांगणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याला कागद-पेन्सिल घेऊन काढू द्या. तिसऱ्याचे उत्तर त्याला कागदाशिवाय सुचेल. आणि पैसे आधीच गेले असतील, तर ते घरी सांगावयास त्याला दार उघडे आहे, हे त्याला आजच, काही घडण्यापूर्वीच, सांगून ठेवा. मुले पैशापेक्षा लाजेने अधिक खचतात, आणि लाजेपोटी गप्प बसलेला मुलगा पुढची चूक करतो.

तसेच, सहलीचे, वह्यांचे, बुटांचे पैसे घरी मागण्यात कमीपणा नाही, आणि घरी नसतील तर नाहीत असे ऐकण्यातही नाही, हे मुलांना स्वच्छ शब्दांत सांगत जावे. घरची खरी स्थिती ज्याला ठाऊक असते, तो मुलगा ती गुप्तपणे सुधारण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. येत्या रविवारी चिंचोके, तांदूळ किंवा शेंगदाणे, जे घरात असेल ते घेऊन मुलांना जवळ बसवावे आणि तीन, नऊ, सत्तावीस, एक्क्याऐंशी अशा ओळी मांडून दाखवाव्या. अर्ध्या तासाचे काम आहे.